सदुसष्ट नंबरची पलटण

रायगडावर राजवाड्याची नुसती जोती उरली आहेत. गेल्या मे महिन्यात माझ्या मुंबईच्या बहिणीचा मुलगा त्या जोत्यांपाशी उभा होता. गाईड सांगत होते, समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून इंग्रजांनी तोफा डागल्या, आग लागली आणि लाकूडकाम सगळं जळालं. १८१८ची गोष्ट. मुलाने माझ्याकडे वळून विचारलं, "मावशी, इंग्रज म्हणजे नक्की कोण? त्यांच्या पलटणीचं नाव काय?" माझा जन्म महाडचा. शाळेपासून किती वेळा गड चढले त्याची गणती नाही, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. "कंपनीचे लोक होते," मी म्हटलं. "कुठली कंपनी?" त्याने विचारलं. पाचाडला उतरेपर्यंत मी बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात वाचनालयात जाऊन कुलाबा जिल्ह्याचं इंग्रजांच्या काळातलं गॅझेटियर काढलं. इंग्रजी बेताचंच, त्यामुळे एका पानाला अर्धा तास. कर्नल प्रॉथर, एप्रिलअखेर पाचाडकडून वेढा, दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नी वाराणसीबाई गडावर, १० मे १८१८ला गड पडला, इथवर जमलं. मग 'सिक्स्टी सेव्हन्थ फूट' असं आलं. मी वहीत लिहिलं, 'तटाची उंची ६७ फूट'. दोन पानांनंतर ते ६७ फूट पुन्हा आले आणि या वेळी ते चालत होते. 'फूट' म्हणजे पायदळ, आणि सदुसष्ट हा पलटणीचा नंबर, हे तेव्हा कळलं. वहीतली ओळ मी खोडली नाही, अजून तशीच आहे.

त्या नावामागे 'हिज मॅजेस्टीज' असंही होतं. त्याचा अर्थ लागायला पोलादपूरच्या बाजूला आमच्या मूळ गावी जावं लागलं. तिथे आमच्या आळीत एक निवृत्त हवालदारकाका आहेत. त्यांनी अंगणात बसवून घेतलं आणि पहिलीतल्या मुलीला शिकवावं तसं शिकवलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वतःच्या पलटणी होत्या, त्यांत बहुतेक आपलेच लोक. त्याशिवाय इंग्लंडच्या राजाच्या पलटणी कंपनीच्या खर्चाने इथे येत. सदुसष्ट नंबर हा राजाचा. म्हणजे मी भाच्याला दिलेलं उत्तर अर्धंच बरोबर होतं.

"आणि रेजिमेंट नि बटालियन एकच ना?" मी विचारलं.

"नाही गं. रेजिमेंट हे घराणं. बटालियन म्हणजे पलटण, ते नांदतं घर. एका घराण्याची घरं किती का असेनात, आडनाव एकच."

हे मला पटकन समजलं, कारण आमच्याही घराण्याची घरं चार गावांत आहेत. त्या रात्री पाठकोऱ्या कागदावर सदुसष्ट नंबरची वंशावळ मांडायला घेतली. वीस नंबरच्या रेजिमेंटची दुसरी पलटण वेगळी निघाली आणि १७५८मध्ये तिला ६७ हा नंबर मिळाला. पहिला कर्नल जेम्स वुल्फ, जो पुढच्याच वर्षी कॅनडात क्वेबेकच्या लढाईत पडला. १७८२मध्ये साउथ हॅम्पशायर हे परगण्याचं नाव चिकटलं. १८०५मध्ये पलटण हिंदुस्थानात आली. इथवर रेघा सरळ होत्या. मग दिसलं की हीच रेजिमेंट १८११मध्ये स्पेनमध्ये बारोसाला लढत होती. एकच पलटण दोन खंडांत कशी? तारीख चुकली असेल म्हणून मी ती खोडली. दोन दिवसांनी काकांचे शब्द आठवले: घराणं एक, घरं दोन. पहिली पलटण इथे होती, दुसरी स्पेनमध्ये. खोडलेलं पुन्हा लिहिलं.

वाघापाशीही मी चुकले. सदुसष्टच्या बिल्ल्यावर वाघ आहे, वर 'इंडिया' अशी अक्षरं. मी लगेच ठरवलं, हा टिपू सुलतानाचा वाघ, श्रीरंगपट्टणहून नेलेला, आणि तसं भाच्याला फोन करून सांगितलंही. पण टिपू पडला १७९९मध्ये आणि ही पलटण आली त्यानंतर सहा वर्षांनी. वाघ मिळाला १८२६मध्ये, हिंदुस्थानातल्या एकवीस वर्षांच्या चाकरीबद्दल. त्या एकवीस वर्षांत आमचा रायगड आहे, खानदेशातलं अमळनेर आहे, बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड आहे. भाच्याला दुसरा फोन करताना जड गेलं, पण केला.

१८८१नंतर मात्र ६७ नंबर कुठे सापडेना. पलटण मोडली असं समजून मी वही मिटली. काका म्हणाले, "मोडली कशाला? सोयरीक झाली असेल." तसंच निघालं. त्या वर्षी इंग्रजांनी नंबर काढून टाकले आणि रेजिमेंटांच्या जोड्या लावल्या. १७०२ सालची सदतीस नंबर आणि आमची सदुसष्ट मिळून हॅम्पशायर रेजिमेंट झाली. सदतीस थोरली, म्हणून ती पहिली पलटण आणि सदुसष्ट दुसरी. वाघ बिल्ल्यावर राहिला, खाली हॅम्पशायरचं गुलाबाचं फूल आलं. १९४६मध्ये 'रॉयल' मान मिळाला. ९ सप्टेंबर १९९२ला क्वीन्स रेजिमेंटशी आणखी एक सोयरीक होऊन प्रिन्सेस ऑफ वेल्सेस रॉयल रेजिमेंट झाली. ती आजही आहे आणि तिचं टोपणनाव टायगर्स.

या क्वीन्सच्या बाजूने वर गेलं की १६६१ साल लागतं. त्या वर्षी पोर्तुगालच्या कॅथरीनचं इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं. आंदणात आफ्रिकेतलं टँजियर आणि आपली मुंबई दिली गेली. टँजियरच्या रखवालीसाठी जी रेजिमेंट उभी केली, तिथून हे घराणं मोजतात. मी सदुसष्टला थेट तिची लेक म्हणून मांडलं होतं. काकांनी बोट ठेवलं, "ही सासरकडची. रक्ताची नव्हे." रेघ तुटक केली.

खरा धक्का पुढे होता. हॅम्पशायरच्या पलटणी शोधताना पहिल्या महायुद्धातलं कूत लागलं. मेसोपोटेमियातलं, म्हणजे आजच्या इराकमधलं हे गाव. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, तुर्कांचा वेढा, जवळजवळ पाच महिने, शेवटी घोडे मारून खायची वेळ. आत हॅम्पशायरच्या चौथ्या पलटणीची एक तुकडी होती. आणि त्याच वेढ्यात, त्याच उपासमारीत १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. ज्या घराण्याने रायगड वेढला, त्याचे शिपाई आणि आमचे गडी जवळजवळ शंभर वर्षांनी एकाच वेढ्यात अडकले.

११० हा आकडा मी कुठेतरी पाहिला होता.

गावच्या घरी माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांचं एक चांदीचं पदक आहे. एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८ हे आकडे. कागदपत्रं महाडच्या घरी होती, ती जुलै २०२१च्या पुरात चिखल झाली. पदक गावी म्हणून वाचलं. ते मी उन्हात धरलं. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली: एक नंबर, पणजोबांचं वेडंवाकडं नाव आणि ११०, मराठा. लहानपणापासून हाताळलेलं पदक, पण कड कधी वाचली नव्हती. मला रडू आलं.

काकांकडे धावत गेले, "पणजोबा कूतला होते!" त्यांनी पदक फिरवून पाहिलं. "पदक पलटण सांगतं. माणूस कुठे होता ते नाही सांगत. नंतर भरती होऊनही गेला असेल." मी खाली बसले. मग ते म्हणाले, "पण पलटण कुठे गेली ते तर बघ." पाहिलं. ११० नंबर १७९७ सालची. १९२२मध्ये ती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण झाली. त्याच पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला इटलीत पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते माणगावजवळच्या पळसगावचे. माणगावातला त्यांचा पुतळा मी एसटीच्या खिडकीतून किती वेळा पाहिला असेन. स्वातंत्र्यानंतर हीच पलटण पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण, टू पॅरा, झाली आणि ११ डिसेंबर १९७१ला बांगलादेशात टांगाईलला विमानांतून उतरली. पुंगलीचा पूल तिने घेतला.

हे सगळं आमच्या माळ्यावर होतं आणि मी सुरुवात केली इंग्रजांच्या पलटणीपासून. त्याचं मला वाईट वाटत नाही. त्यांनी आपलं घराणं नीट जपलं, म्हणून मला आपलं शोधायची रीत कळली.

महाड-पोलादपूरच्या गावागावांत अशा ट्रंका आहेत. तुमच्या घरी असं पदक असेल तर ते चिंच लावून घासू नका, कड झिजते. उजेडात धरा, भिंग घ्या, नंबर, नाव आणि पलटण जशीच्या तशी वहीत उतरवा. आणि ती वही पुराच्या पाण्याच्या वर ठेवा.