तालातला धूर

मॉडेल आगगाडीच्या इंजिनातून निघतो तो खरा धूर नव्हेच. आत काही जळत नाही. विजेने तापलेल्या तारेवर खनिज तेलाची वाफ होते, बाहेरच्या हवेत तिचे बारीक थेंब बनतात आणि आपण त्याला धूर म्हणतो. एवढे कुणालाही जमते. कसब लागते ते हा धूर चाकांच्या तालावर, भक्-भक् असा काढायला.

दोन सिलिंडरच्या खऱ्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा वापरलेली वाफ धुराड्यातून सुटते आणि जाताना भट्टीतला धूर ओढून नेते. तो ठेका मॉडेलमध्ये आणायचा कसा? अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीने १९४६ साली धुराची इंजिने काढली, तेव्हा तापवायला चक्क एक खास दिवा होता. त्याच्या काचेच्या खळग्यात धूर देणारी गोळी टाकायची. पुढच्याच वर्षी दिवा गेला, तारेचे वेटोळे आले. तेल बऱ्याच मागाहून आले. पण माझ्या लेखी त्यांची खरी करामत म्हणजे दट्ट्या. चाकांबरोबर तो खालीवर होतो आणि दर खेपेला हवेचा झोत मारून धूर वर ढकलतो. गाडी थांबली की भपके थांबले! हल्ली पंखा असतो आणि तो कधी फिरवायचा हे चिप ठरवते. उभ्या इंजिनातूनही त्याने छान धूर निघतो, हे मान्य. तरी माझे मत दट्ट्यालाच.

धूर येईना की लोक आणखी तेल ओततात. जादा तेल रुळांवर उतरते, चाके घसरू लागतात, धूर मात्र येत नाही. कवच उघडावे तर तारेभोवतीची वात करपून कोळसा झालेली असते, ती तेल शोषणार कुठून? चिमट्याने ती कुरतडून काढायची, तारेला धक्का न लावता. नवी वात समईच्या वातीसारखी वळायची नाही. सैल पिंजून ठेवायची आणि दट्ट्याकडून हवा येते ते भोक मोकळे सोडायचे. ते बुजले की धूर नुसता रेंगाळतो.

जुने इंजिन विकत घेताना विकणाऱ्याला ते अगदी सावकाश चालवायला सांगा. वेगात भपके एकमेकांत मिसळतात आणि दट्ट्याचा दोष झाकला जातो.