माफीची चिठ्ठी

आमच्या शाळेत माफी सामुदायिक असायची. बाई वर्गाबाहेर गेल्या की मॉनिटर फळ्याच्या कोपऱ्यात 'बोलणाऱ्यांची नावे' लिहायचा. बाई आल्या की सगळा वर्ग उभा राहून एका सुरात म्हणायचा, "बाई, चुकलो, पुन्हा बोलणार नाही." ज्यानं तोंडही उघडलं नव्हतं तोही म्हणायचा. आणि 1 ऑगस्टला, टिळक पुण्यतिथीला, आमच्यातलंच कुणीतरी शेंगांच्या टरफलांची गोष्ट ठसक्यात सांगून टाळ्या घ्यायचं. न केलेल्या चुकीची माफी मागायची नाही, हे आम्हाला भाषणापुरतंच शिकवलं गेलं.

पुढे मी शिक्षिका झाले, तेव्हा माफी लेखी झाली होती. वर 'सा. न. वि. वि.', खाली 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी', मधला मजकूर फळ्यावरून उतरवलेला. ही पत्रं फाइलला लागायची, पुढच्या वेळी मुलापुढे धरायला. मला ते फार खुपायचं.

एकदा गणिताच्या तासाला मागून चिंचोके वाजत होते. मी कुणालाच काही विचारलं नाही. मधल्या सुट्टीत चौथीतल्या एका मुलानं वहीचं अर्धं पान माझ्या टेबलावर ठेवलं. 'बाई चिंचुके मीच वाजवत हुतो. तुमी फळ्याकडं वळला की वाजवत हुतो. तुमचा हातचा चुकला तो माज्यामुळं.' हातचा खरंच चुकला होता. आपल्या खोडीनं समोरच्या माणसाचं काय झालं, हे त्या पोरानं बरोबर हेरलं होतं. 'पुन्हा करणार नाही' असं त्यात कुठंच नव्हतं, आणि मला त्याची गरजही वाटली नाही.

'सत्याचे प्रयोग'मध्ये गांधीजींनी चोरीची कबुली लिहून वडिलांच्या हाती दिल्याचा प्रसंग आहे. आजारी वडिलांनी ती वाचली, त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. मीही त्या मुलासमोर त्याची चिठ्ठी फाडली. तो घाबरला, त्याला वाटलं, बाईंनी माफ केलंच नाही. "झालं, मिटलं. जा खेळायला," असं म्हटल्यावर कुठं तो पळाला. नुसतं मनात माफ करून मुलांना कळत नाही, तोंडानं सांगावं लागतं.

2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमानं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली. छडी बरीच मागं पडली. पण भर वर्गात उभं करून माफी वदवून घेणं हाही छळच आहे, हे अजून पुष्कळांच्या गावी नाही.

माझ्या नातवाच्या शाळेत आता छापील फॉर्म आहे: चूक, दिनांक, पालकांची सही. तो भरताना पोराची मान वर होत नव्हती. वर्षअखेरीस हे फॉर्म मुलांना परत द्या, अशी विनंती मी पालकसभेत केली. वरिष्ठांशी बोलून सांगते, असं वर्गशिक्षिका म्हणाल्या. पुढच्या सभेत मी पुन्हा विचारणार आहे.