इंजिन कशाच्या आधारावर?

रेसकारमध्ये इंजिन कसं बसवायचं, हा निर्णय मी दोनदा चुकीचा घेतला. आधी रबरावर बसवलं, मग थेट चासीला आवळलं. दोन्ही पद्धती जगभरच्या गाड्यांमध्ये उत्तम चालतात, तेव्हा दोष पद्धतींचा नव्हता. मी त्या ज्या कारणांसाठी निवडल्या, ती कारणं चुकीची होती.

पहिलं कारण मी घरून घेऊन गेलो होतो. आमचं घर रेवसचं, धरमतरच्या खाडीच्या तोंडाशी. समोर करंजा, शेजारी बोडणी. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या शाकारल्या जातात आणि मिस्त्रींच्या कामाला जोर येतो. इंजिन उतरवणं, गिअरबॉक्स खोलणं, पंख्याचा शाफ्ट काढणं, हे बघतच मी मोठा झालो. आमच्या ओळखीच्या एका नाखवांनी बोटीचं इंजिन रबरी माउंटिंगवर घेतलं, तेव्हा केबिनमध्ये साध्या आवाजात बोललेलं ऐकू येऊ लागलं. तेवढंच माझ्या लक्षात राहिलं. त्या इंजिनाबरोबर शाफ्टचं कप्लिंगही लवचिक घातलं होतं आणि धुराच्या नळीला मधे लवणारा तुकडा जोडला होता, हे मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर फॉर्म्युला भारतसाठी गाडी बनवणाऱ्या टीममध्ये आलो. दर जानेवारीत कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर होणारी ही विद्यार्थ्यांची स्पर्धा. नियमाप्रमाणे इंजिन ७१० सीसीपर्यंतचं चालतं आणि पेट्रोलवर असेल तर आत जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातूनच घ्यावी लागते. आम्ही केटीएम ३९० चं एकसिलिंडरी इंजिन घेतलं. माउंटिंगचं काम माझ्याकडे आलं. एकसिलिंडर म्हणजे हादरे जास्त, हादरे म्हणजे रबर, असा माझा सरळ हिशेब. मोटरसायकलच्या इंजिनात गिअरबॉक्स त्याच केसिंगमध्ये असतो, त्यामुळे ट्रान्समिशनच्या माउंटिंगचा वेगळा प्रश्नच उरत नाही, असंही मी टीमला ठासून सांगितलं.

प्रश्न उरतो. गिअरबॉक्स इंजिनात असला तरी डिफरन्शियल मागे स्वतंत्र ब्रॅकेटवर असतो आणि दोघांच्या मधे चेन असते. त्या चेनची ओढ मी कधी मांडूनच पाहिली नव्हती. इंजिनाचा टॉर्क सुमारे ३५ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये तो पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत पोचताना सातपट होतो. १५ दातांच्या त्या स्प्रॉकेटची त्रिज्या जेमतेम ३८ मिलिमीटर. भागाकार केला की ओढ सहाशे किलोच्या वर जाते. एवढ्या जोरानं इंजिन मागे खेचलं गेलं की रबराचे मऊ बुश दबणार, इंजिन आणि डिफरन्शियलमधलं अंतर कमी होणार आणि चेन सैल पडणार. तसंच झालं. सुटताना चेन उडायची, आणि मी ती आणखी ताणून बसवायचो. पायाच हलतोय हे कळायला फार उशीर लागला.

शिवाय रबरानं हादरेही कमी केले नाहीत. रबरावर ठेवलेल्या इंजिनाची स्वतःची एक कंपनसंख्या असते. हादरे तिच्या साधारण १.४ पटीच्या वर गेले तरच रबर ते अडवतं; तिच्या आसपास असले तर उलट वाढवतं. दीड हजार फेऱ्यांवर आमचं इंजिन सेकंदाला २५ वेळा फिरत होतं आणि माझे बुश नेमके त्याच आकड्याजवळचे निघाले. उभ्या गाडीत इंजिन डोळ्यांना दिसेल इतकं थरथरायचं. बुश निवडताना मी हातानं दाबून पाहिले होते. मोजमाप म्हणाल तर तेवढंच.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. तोवर लोटस ४९ बद्दल एका लेखात वाचलं होतं. १९६७ साली झांडफूर्टला पहिल्याच शर्यतीत जिम क्लार्कला जिंकून देणारी ही गाडी. तिच्यात ड्रायव्हरच्या पाठीमागे चासी संपते. तिथल्या भिंतीला कॉसवर्थचं डीएफव्ही इंजिन बोल्टनं जोडलेलं, इंजिनाला गिअरबॉक्स आणि मागचं सस्पेन्शन त्या दोघांवर. इंजिन हाच गाडीचा कणा. आमचं इंजिनही मूळ मोटरसायकलमध्ये फ्रेमला रबराशिवाय आवळलेलंच असतं. म्हणजे रबर काढायचं, इंजिनालाच चासीचा भार घेऊ द्यायचा, मागच्या दोन नळ्या कमी करायच्या आणि वजन वाचवायचं, असा बेत मी केला. या वेळचं कारण होतं वजन. आणि खरं सांगायचं तर, टेक्निकल तपासणीत परीक्षकांना ते सांगताना भारी वाटेल, हेही एक कारण होतं.

ब्रॅकेट मी कॉम्प्युटरवरच्या मापानं कापले आणि इंजिन बाजूला ठेवून वेल्ड केले. वेल्डिंग थंड होताना आकसतं आणि ब्रॅकेटला आपल्याकडे ओढतं, हे पुस्तकात वाचून मी परीक्षेतही लिहिलं होतं. इंजिन चढवलं तर केसिंगच्या एका कानाचं भोक जुळेना. मी बोल्ट हातोडीनं ठोकून आत घातला आणि नट आवळला. सुटीत घरी गेल्यावर हे मी एका मिस्त्रीकाकांना अभिमानानं सांगितलं, एवढं घट्ट बसवलंय की हलणार नाही. ते तेव्हा एका होडीचं कप्लिंग जुळवत होते. म्हणाले, “बोल्टानं इंजिन जागेवर आणायचं नसतं, पोरा. इंजिन आधी जागेवर बसतं, मग बोल्ट हातानं जातो.” मी ऐकून घेतलं, पण परत गेल्यावर काहीच बदललं नाही. चाचणीच्या दिवसांत केसिंगचा तोच कान तडकला.

त्या दिवशी मिस्त्रीकाका काय करत होते, हे मला केसिंग तडकल्यावर समजलं. कप्लिंगच्या दोन तबकड्यांमधली फट ते चारही बाजूंनी फिलर गेजनं मोजत होते आणि इंजिनाच्या पायाखाली पातळ पत्रे सारत होते. तेही होडी पाण्यात उतरवल्यावर. सुक्यावर जुळवलेला शाफ्ट पाण्यात जुळेलच असं नाही, कारण तरंगताना होडीचं अंग थोडं बदलतं. रेसकारची चासीही वळणावर पिळवटते. माझ्या गाडीत ते पिळणं, वेल्डिंगचा ओढा आणि चेनची ओढ हे सगळं एका ओतीव अॅल्युमिनियमच्या कानावर येत होतं. शिवाय माझा एक ब्रॅकेट नळीच्या मधोमध होता. तीन नळ्या जिथे मिळतात तिथे तो असता तर जोर नळ्यांच्या लांबीतून निघून गेला असता. मधोमध असल्यानं नळी वाकत राहिली.

लोटसमध्येही सगळंच ताठ नव्हतं. डीएफव्ही मुळातच गाडीचा भार घेण्यासाठी आखलेलं होतं, आणि तरीही वरच्या बाजूला ते पातळ पट्ट्यांनी धरलं होतं, म्हणजे तापून रुंद झालं तरी त्याला जागा मिळावी. हे मी त्याच लेखात वाचलं असणार. मला हवं तेवढंच मी उचललं.

पुढची गाडी आम्ही वेगळ्या क्रमानं केली. रिकामं केसिंग जिगमध्ये बसवून त्यालाच ब्रॅकेट बोल्ट केले आणि मग टाके मारले. एक ब्रॅकेट मुद्दाम वेल्ड न करता बोल्टनं जोडायचा ठेवला, म्हणजे शेवटची फट पत्र्यांनी भरता यावी. इंजिन आणि डिफरन्शियल एकाच जाड प्लेटच्या जोडीनं बांधले. हलले तर दोघं मिळून हलतील आणि चेनचं अंतर तेच राहील. कमी केलेल्या नळ्या परत आल्या, वजन वाढलं, आणि ते मला मान्य होतं.

एक गोष्ट तेव्हाही राहिली. ताठ बसवलेल्या इंजिनाचे हादरे आता चासीभर फिरू लागले आणि इंजिन नियंत्रित करणाऱ्या ईसीयूच्या कनेक्टरमधली तार तुटून गाडी ट्रॅकवर बंद पडली. रबराचं काम तिथे होतं. ईसीयू, बॅटरीचा ट्रे आणि इंधनाच्या टाकीचे टेकू आम्ही मऊ बुशवर घेतले, तारांना जागोजागी क्लिपा लावल्या, आणि इंजिन तसंच घट्ट ठेवलं.