आपले कुठले?

गेले दोन शनिवार एक्सेलमध्ये सैन्य मांडतोय. भोकरदनजवळची असईची लढाई, 23 सप्टेंबर 1803. ती जेवणाच्या टेबलावर खेळायची म्हणजे 20 माणसांमागे 15 मिलिमीटर उंचीचा एक पुतळा. वेलस्लीकडे साधारण 4500 लोक, म्हणजे 225 पुतळे. शिंद्यांचं नुसतं कवायती पायदळच दहा हजारांवर, म्हणजे 500 पुतळे, तोफा वेगळ्याच. पगार आणि रविवार, दोन्ही संपणार! म्हणून आधी एकच बाजू रंगवायची ठरवली. अर्थात आपली.

लेक स्क्रीनमध्ये डोकावली. "बाबा, यात आपले कुठले?"

"हे काय, शिंद्यांचे."

"मग हा पोलमन कोण?"

शिंद्यांच्या पलटणींचा सेनापती, पण मूळचा हॅनोवरचा. आणि समोर इंग्रजांच्या पायदळाच्या सात पलटणी. त्यातल्या 74वी आणि 78वी या दोनच गोऱ्या स्कॉटिश लोकांच्या. उरलेल्या पाच मद्रासच्या देशी शिपायांच्या. मी आपला गप्प.

असो. आता 40 माणसांमागे एक पुतळा धरलाय. दोन्ही बाजू मिळून 360च्या आसपास भरतात, जमेल. लाल रंगाच्या डब्या मागवल्यात. पाच पलटणींचे डगले लाल, चेहरे मात्र आपल्यासारखे सावळे रंगवणार.