पार्टी येतेय

घर बघायला येणाऱ्या माणसांना आमच्या एजंटच्या तोंडी एकच शब्द होता : पार्टी. "ताई, साडेअकराला पार्टी येतेय. जेन्युइन आहे." ही पार्टी कधी एकटी असे, कधी सासू-सून-जावई धरून सहाजण. पहिल्या वेळी फोन आला तेव्हा आईने चहाचं आधण ठेवलं आणि पोहे भिजवायला घेतले. माझ्या लग्नाच्या वेळचा सराव होता तिला. घर बघायला येणारे पोहे खात नाहीत, चपला काढतीलच असंही नाही, हे त्या दिवशी कळलं.

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवर, तळमजला अधिक तीन अशी आमची इमारत. तिसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्यातला ब्लॉक बाबांनी १९७८ साली घेतला. आई त्याला कधीच फ्लॅट म्हणाली नाही. गिरगावच्या चाळीत सामाईक संडासापुढे बादली घेऊन उभ्या राहिलेल्या तिच्या पिढीला 'ब्लॉक' या शब्दातच सगळं सुख होतं : नळ आपला, मोरी आपली, दार लावलं की विषय संपला. लिफ्ट तेव्हा कुणी मागितली नव्हती. आता अठ्ठेचाळीस पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपेनात, म्हणून ती माझ्याकडे पुण्याला येणार आणि ब्लॉक विकायचा. एवढं ठरायला तीन वर्षं गेली. ती इथे सांगत बसत नाही.

"घर मोकळं दिसलं पाहिजे," एजंट म्हणाला. मी दर शनिवारी पुण्याहून कल्याणला उतरून लोकलने डोंबिवली गाठायची आणि माळ्यावर चढायची. तांब्याचा बंब, बाबांची लोखंडी ट्रंक, हळदीकुंकवाला लुटायला आणलेल्या आणि उरलेल्या प्लास्टिकच्या वाट्या. भंगारवाल्याने बंब तोलून घेतला. तांब्याला बरा भाव होता.

मग रंगारी आला. त्याने आधी भिंतींतले खिळे उपटले. मी मोजले, सत्तेचाळीस. प्रत्येक भोकात लांबी भरून त्यावर पॉलिशपेपर मारला. स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या खिळ्याला मात्र आईने हात लावू दिला नाही. "कालनिर्णय कुठे लावू? दुधाचा खाडा कुठे मांडू?" दूध पिशवीतून येतंय त्यालाही आता पंचवीस-तीस वर्षं झाली असतील, पण खाडा तिथेच मांडला जातो.

बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते आणि दसऱ्यापर्यंत पोपडे धरतात. एजंटने त्या भिंतीवर डॉक्टरसारखी दोन बोटं आपटून पाहिली. "एप्रिल आहे. दोन हात मारून घ्या. जूनच्या आत व्यवहार करून टाकू." हापूससारखा घरालाही मोसम असतो. मी काही बोलले नाही. म्हणजे हो म्हणाले.

आणि दार. आमचं मुख्य दार जड आणि बिजागरीत खाली बसलेलं. कडी लावायची तर एका हाताने मूठ धरून दार बोटभर वर उचलायचं आणि दुसऱ्या हाताने कडी सरकवायची. आम्हा भावंडांना हे कुणी शिकवल्याचं आठवत नाही. पाहुण्यांना मात्र जमायचं नाही. एखादा काका रात्री दाराशी झटापट करायला लागला की बाबा आतल्या खोलीतून, पेपरमधून डोकं वर न काढता ओरडायचे, "उचला, उचला!" सुताराने बिजागऱ्या बदलल्या, खालून रंधा मारला आणि अर्ध्या तासात दार सरळ केलं. त्यानंतर कितीतरी दिवस आमचे हात ते सरळ दार उगाचच वर ओढत होते.

पहिल्या पार्टीतल्या गृहस्थांकडे लेझरचं मोजमापाचं यंत्र होतं. त्याचा लाल ठिपका भिंतीवरून धावत देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेवर क्षणभर टेकला. टिक्. "कार्पेट चारशे दहा भरतंय. तुम्ही साडेपाचशे म्हणालात." एजंट म्हणाला, "ते बिल्टअप, साहेब." बाबांच्या काळात सगळे बिल्टअपच मोजत. २०१७ला रेरा कायदा आला, नवी घरं कार्पेटवर विकायचं बंधन आलं आणि जुन्या घरांच्या गिऱ्हाइकांनीही तीच पट्टी हातात घेतली. आमच्या नऊ इंची भिंती बाबांनी पैसे मोजून घेतल्या होत्या. आता त्यांना दर नव्हता.

दुसऱ्या पार्टीने मोबाइलवर होकायंत्र लावलं, संडास ईशान्येला निघाला आणि मंडळी जिन्यावरूनच परतली. इतकी वर्षं या घरात राहून आम्हाला आमची ईशान्य माहीत नव्हती.

तिसऱ्या बाईंनी न विचारता ओट्याखालचं कपाट उघडलं. आईचा चेहरा कुणीतरी तिची पर्स उघडल्यासारखा झाला. बाईंनी विचारलं, "पाणी कसं आहे?" आई खरं सांगते, ही त्या व्यवहारातली मोठी अडचण होती. पूर्वी पाणी पहाटे कधीही यायचं. ती रात्री नळ उघडा ठेवून खाली पालथं पातेलं ठेवायची. पहिली धार पडली की पातेलं वाजायचं आणि ती उठायची. "आता टाकी आहे हो, चोवीस तास आहे. पण मला अजून चारला जाग येते." मग बाईंनी न विचारताच ती २००५च्या सव्वीस जुलैवर गेली. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्याकडे तळमजल्यावरच्यांची गॅस सिलिंडरं तरंगत होती, त्या बिऱ्हाडांसाठी तिने रात्रभर पिठलं-भात केला, वगैरे. एजंट रुमालाने मान पुसत होता.

चौथे गृहस्थ हॉलच्या पुढे आलेच नाहीत. त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं आणि विचारलं, "समोरचा रस्ता किती फुटी? प्लॉट केवढा आहे? कन्व्हेयन्स झालंय का सोसायटीचं?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रस्ता जितका रुंद तितकं वर चढायला मिळतं. त्यांना हे घर नकोच होतं. ही इमारत पाडून जी उठेल तिच्यातलं, आज जिथे नुसती हवा आहे तिथलं घर ते घेत होते. आमच्या भिंती म्हणजे त्या घराची पावती. भिंतीला लांबी भरली काय, नाही भरली काय! आणि आम्ही त्यांच्यासाठी पंख्याची पाती पुसली होती.

त्यांचा भाव चांगला होता. "पण त्याने घर बघितलंच नाही गं," आई रात्री म्हणाली. त्यांना नाही म्हणण्याइतके आम्ही श्रीमंत नव्हतो. काही रक्कम रोखीत द्यायची त्यांची अट निघाली, म्हणून ते आपोआप गळले.

कागदांसाठी वकिलांकडे गेलो. बाबांचं अ‍ॅग्रीमेंट पाच रुपयांच्या स्टँपपेपरवर आहे. १० डिसेंबर १९८५च्या आधी असल्या करारांवर आजच्यासारखं मुद्रांक शुल्क नव्हतं. शेअर सर्टिफिकेटवर पन्नास रुपयांचा एक, असे पाच शेअर. कागदोपत्री आमचं अडीचशे रुपयांचं भांडवल. आईला एकटीला विकता यावं म्हणून मी आणि भावाने हक्कसोडपत्र करून दिलं. त्यात 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' असे शब्द आहेत. मी ते दोनदा वाचले आणि सही केली.

मेअखेर आलेलं जोडपं तिशीतलं होतं, कडेवर दीड वर्षाचं बाळ. दोघंही आठच्या लोकलने जाणारी. रीडेव्हलपमेंटचं त्यांनीही विचारलं, पण तोवरची चार-पाच वर्षं त्यांना इथे राहायचं होतं. जोडप्यातली मुलगी गॅलरीत उभी राहून दोऱ्या किती लांब आहेत ते बघत होती. बेडरूममध्ये आईने पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवला आणि सांगितलं, "इथे पावसाळ्यात ओल येते. हा रंग आत्ताच दिलाय." एजंटने माझ्याकडे पाहिलं. मी गॅलरीकडे. त्यांनी पन्नास हजार कमी करून मागितले. आम्ही दिले.

खरेदी त्या मुलीच्या एकटीच्या नावावर झाली, कारण बाईच्या नावाने घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. सगळ्या व्यवहारातलं हे एकच कलम आईला मनापासून आवडलं.

किल्ल्या द्यायच्या दिवशी पावसाची पहिली सर पडून गेली होती. मी पिशव्या घेऊन एक मजला खाली उतरले. वर दारात आई त्या मुलीला सांगत होती, "आत्ता लागतंय सरळ. पण पाऊस लागला की लाकूड फुगतं. तेव्हा मुठीला असं धरायचं. बाळाला दे माझ्याकडे. हां, धर." दार चौकटीवर एकदा आपटलं, पुन्हा आपटलं.

"उचल, उचल!" आईचा आवाज जिन्यात घुमला.