बाजाराच्या दिवशी लिचफिल्ड

बर्मिंगहॅमला मावसभावाकडे मुक्काम असताना एक शनिवार मोकळा मिळाला. एका दिवसात पाहून परतण्याजोग्या जुन्या गावांची यादी त्याच्याकडे तयारच होती : स्ट्रॅटफर्ड, वॉरिक, वुस्टर. मी लिचफिल्डचे नाव घेतले, तेव्हा त्याला किंचित नवल वाटले. मला मात्र ते गाव पाहायचेच होते. कोशवाङ्मय शिकवताना मोल्सवर्थच्या १८३१च्या मराठी-इंग्रजी कोशाकडे वळण्याआधी मी दरवर्षी सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या इंग्रजी कोशाचा उल्लेख करतो. जॉन्सन या गावचा.

आगगाडीने जेमतेम पाऊण तासाचा प्रवास. गावावर नजर ठेवून उभे असलेले कॅथीड्रलचे तीन मनोरे आधी दिसतात. मध्ययुगीन इंग्लिश कॅथीड्रलांपैकी तीन मनोरे राखून असलेले हे एकच. त्यांतला मधला १६४६ साली यादवी युद्धात कोसळला आणि पुन्हा उभारला गेला. प्रवासी बहुधा तिथेच रेंगाळतात. मी बाजारचौकात आलो. इंग्लंडात बाजार भरवणे हा हक्क होता आणि तो राजाच्या सनदेने मिळत असे. लिचफिल्डला तो स्टीफन राजाने ११५३ साली दिला. याच चौकात १६१२ साली एडवर्ड वाइटमनला पाखंडी ठरवून जाळण्यात आले. त्या अपराधासाठी इंग्लंडात जाळला गेलेला तो शेवटचा माणूस. आज तिथे भाजी, फुले, पाव आणि स्वस्त कपडे यांची दुकाने मांडलेली होती.

चौकाच्या कडेलाच जॉन्सनचे जन्मघर आहे. त्याचे वडील मायकेल पुस्तकविक्रेते. घर त्यांनीच बांधले. खाली दुकान, वर बिऱ्हाड. १७०९ साली सॅम्युअल इथे जन्मला. १९०१पासून या घरात संग्रहालय आहे. घरासमोर हनुवटीला हात लावून बसलेला जॉन्सनचा १८३८ सालचा पुतळा आहे. मी त्याच्या चौथऱ्यावरची शिल्पे पाहू लागलो, आणि एकापाशी थबकलो. उघड्या डोक्याने, मान खाली घालून उभा असलेला एक वयस्क माणूस.

ही कथा मला ठाऊक होती. मायकेल जॉन्सन बाजाराच्या दिवशी युटॉक्सिटर या शेजारच्या गावी पुस्तकांचे दुकान मांडत. एकदा ते आजारी होते. आपल्याऐवजी तू जा, असे त्यांनी मुलाला सांगितले. पैशांअभावी ऑक्सफर्ड अर्धवट सोडून आलेला तो तरुण अभिमानापोटी गेला नाही. १७३१ साली वडील वारले. त्या नकारानंतर सुमारे पन्नास वर्षांनी, कोशकार म्हणून कीर्ती मिळवलेला वृद्ध जॉन्सन युटॉक्सिटरच्या बाजारात गेला आणि दुकान लागे त्या जागी भर पावसात बोडक्या डोक्याने बराच वेळ उभा राहिला. पुढे १८५५ साली अमेरिकन कादंबरीकार हॉथॉर्न ती जागा शोधत युटॉक्सिटरला गेला. तिथे या घटनेची काहीच खूण नाही, याची खंत त्याने लिहून ठेवली. आता त्या चौकातल्या छोट्या दगडी इमारतीवर हाच प्रसंग कोरलेला आहे.

वर्गात मी जॉन्सनच्या व्याख्या सांगतो, त्याची विक्षिप्त वाक्ये सांगतो. ही कथा आजवर एकदाही सांगितलेली नाही. विषयांतर होईल, असे कारण मी स्वतःला देत आलो.

खरे कारण वेगळे आहे. माझे वडील आठवडे बाजारात कापडाचे पाल लावत. पहाटे एसटीच्या टपावर गाठोडी चढवायची आणि दिवेलागणीला उरलेला माल घेऊन परतायचे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एका बुधवारी त्यांना ताप होता. ते म्हणाले, "आजच्या दिवस तू बसशील का?" महाविद्यालय त्याच गावात होते. आमचे सर बाजारात भाजीला येत, वर्गातल्या मुलीही येत. मी म्हणालो, "अण्णा, आज माझा निबंध वाचायचा आहे." निबंध वगैरे काही नव्हता. ते काही बोलले नाहीत. डोक्याला उपरणे गुंडाळून निघाले. दिवसभर मी ग्रंथालयात बसून होतो. काय वाचले ते आठवत नाही.

अण्णा आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पाल बंद करूनही बरीच वर्षे झाली. जॉन्सनला उभे राहावे लागले, कारण ऐकणारा उरला नव्हता. माझा ऐकणारा आहे. पुतळ्यापाशीच मी फोन लावला. आपल्याकडे संध्याकाळ झाली होती.

"कुठे आहेस?"

"एका गावच्या बाजारात."

"काय काय आलंय?"

मी सांगत गेलो : बटाटे, कोबी, फुले, पडदे, टॉवेल. टॉवेलाचा भाव त्यांनी रुपयांत विचारला. मी हिशेब करून सांगितला. "महाग आहे," ते म्हणाले. मग, "पाऊस आहे का तिकडे?"

"नाही, अण्णा. ऊन आहे."

"मग धंदा होईल त्यांचा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला जे बोलायचे होते ते राहूनच गेले. परतीची गाडी पाचची होती; तोवर मी त्या टॉवेलवाल्याच्या दुकानाजवळ उभा होतो. त्याने माल आवरायला घेतला, तेव्हा एक गाठोडे उचलून देऊ का, असे त्याला विचारले. तो हसला, नको म्हणाला. ते बरोबरच होते. ते गाठोडे माझे नव्हते.