केरवारे

केर या विषयावर कोणी मन लावून लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. धुळीवर कवींनी पुष्कळ लिहिले. पण त्यांची धूळ गाईंच्या खुरांची, नाहीतर पंढरीच्या वाटेवरची, कपाळाला लावण्याजोगी. खाटेखाली साचणारी, सकाळी फड्याने पुढे ओढली की संध्याकाळी पुन्हा जागच्या जागी येऊन बसणारी जी धूळ, तिला साहित्यात थारा नाही. तेव्हा दिवाळी अंकाच्या या गुळगुळीत पानांवर मी केराची सुपली उपडी करते आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. आमच्या घरात गेले चार महिने दुसरा विषयच नाही. केर काढणारे आपोआप फिरते यंत्र घ्यावे की न घ्यावे?

प्रश्न काढला तो पुण्याच्या आमच्या चिरंजिवांनी. मे महिन्यात तो आलापल्लीला आला, तेव्हा घर मीच झाडत होते. एरवी सकाळचा केर अक्का काढतात आणि दिवेलागणीपूर्वीचा मी. पण मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल आणि मे महिन्यात तेंदूपत्ता, असे दोन हंगाम अक्का जंगलात असतात. त्या दिवसांत घरकामाला बाई मिळेल अशी आशा या मुलखात कोणी करू नये. पहाटे उठून पानांचे पुडे बांधले की जे पैसे हातात पडतात, ते चार घरची भांडी घासून महिन्यातही पडत नाहीत. माझे वय ६७ आणि गुडघे माझ्याहून वडील. मला खाली वाकलेली पाहून मुलाच्या पोटात कालवले. "आई, तू हे सोड. मी यंत्र पाठवतो," म्हणाला. किंमत २८,००० रुपये. आकडा ऐकून गुडघे क्षणभर दुखायचे थांबले.

यंत्र मी पाहिले नव्हते असे नाही. त्याच्या अकराव्या मजल्यावरच्या घरात ते मी पंधरा दिवस पाहिले आहे. जाड भाकरीएवढे गोल, उंचीला चार बोटे; डोक्यावर एक छोटी टोपी, तीत अदृश्य किरण गरगर फिरतो आणि भिंती किती दूर आहेत ते मोजून घराचा नकाशा काढतो. पोटाखाली फिरता ब्रश, बाजूला तीन बोटांचा पंजा, आत पंखा, आणि पेलाभर ते दीड पेला धूळ मावेल एवढी डबी. विजेचा साठा संपत आला की ते काम अर्धे टाकून स्वतःच्या खोबणीत जाऊन बसते आणि पोट भरले की राहिलेल्या जागेपासून पुन्हा सुरुवात करते. माणसांत हा गुण मी फार थोड्यांत पाहिला. पुण्याच्या त्या घरात त्याने आपली किंमत वसूल केली, हे मान्य केले पाहिजे. तिथे फरशी एकसारखी, उंबरठे नाहीत, अंगण नाही, आणि सून-मुलगा दोघेही सकाळी आठपासून संगणकापुढे. पलंगाखालून त्या यंत्राने जे बाहेर काढले ते पाहून सुनेने माझ्याकडे पाहिले नाही आणि मीही तिच्याकडे पाहिले नाही.

पण पुणे निराळे आणि आलापल्ली निराळी. आमचे घर जुने. ह्यांची सारी नोकरी वनखात्यात गेली, आणि घर बांधताना ह्यांनी आगारातल्या लिलावात सागवान घेतले ते चौकटींसाठी. येथील सागाची कीर्ती मी सांगायला नको. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी चंद्रपूर-गडचिरोलीकडचे सागवान वाजतगाजत गेले, ते साऱ्यांनी पाहिले. आमच्या चारही खोल्यांना त्याच सागाचे उंबरठे आहेत. मुलाचा फोन झाल्यावर मी पट्टी घेऊन बसले. उंबरठा निघाला नऊ सेंटिमीटर. आणि बहुतेक यंत्रे ओलांडतात साधारण दोन सेंटिमीटर. म्हणजे साडेतीन किलोचे ते धूड मी दर खोलीला वाकून उचलायचे, उंबरठ्यापलीकडे ठेवायचे, आणि ते झाडून होईपर्यंत पाठ सरळ करून उभे राहायचे. वाकू नये म्हणून घ्यायचे यंत्र, आणि त्यालाच उचलायला वाकायचे!

शिवाय देवघरापुढे काळ्या कडप्प्याचा पट्टा आहे. जिन्यावरून पडू नये म्हणून या यंत्रांच्या पोटाखाली डोळे असतात. ते खाली किरण सोडतात आणि तो परत आला तर पुढे जमीन आहे असे समजतात. काळी फरशी किरण गिळते. मग पुष्कळशा यंत्रांना वाटते की पुढे कडा आहे, आणि ती तिथूनच माघार घेतात. आमच्या देवापुढे दरी आहे हा शोध आजवर कोणा नास्तिकालाही लागला नव्हता.

आणि आमचा केर म्हणजे तरी काय? २०२१ नंतर सूरजागडच्या डोंगरातले लोहखनिज भरून ट्रकांच्या रांगा आलापल्लीवरून धावू लागल्या, तेव्हापासून आमच्या केराचा रंग बदलला. पूर्वीचा केर राखाडी, सागाच्या पानांच्या चुऱ्याचा. नंतरचा तांबूस, बारीक, बोटाला चिकटणारा. असली पिठासारखी धूळ यंत्राच्या गाळणीत बसली की त्याचा श्वास कोंडतो. गाळणी आठवड्याला झटकायची आणि दोन-चार महिन्यांनी बदलायची. यंत्र बिघडलेच तर नागपूर, अडीचशे किलोमीटरांहून दूर. उन्हाळ्यात, नेमकी जेव्हा त्याची गरज, तेव्हा वीज जाते ती वेगळीच. धूळ कुठून येते याचा विचार सोडून ती कशी काढावी याचाच विचार करायची आपल्याला सवय लागली आहे, असे ह्यांनी एकदा वर्तमानपत्राआडून सांगितले. मी म्हटले, वर्तमानपत्र बाजूला करा, खालचा केर काढायचा आहे.

तरीही मी यंत्राला सरसकट हसत नाही. त्याचे कूळ मी वाचून काढले. १९०१ साली लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथने धूळ ओढणारा पंप केला, तो घोड्याच्या गाडीवर. गाडी रस्त्यावर उभी आणि लांबलचक नळ्या खिडकीतून घरात. पुढे शंभर वर्षांनी, २००१ साली, स्वीडनच्या कंपनीने आपोआप फिरणारे यंत्र विकायला काढले आणि २००२ साली अमेरिकेतल्या आयरोबोट कंपनीने रूम्बा. (त्या कंपनीने २०२५ च्या डिसेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला. दिवाळी अंकात ही बातमी शोभत नाही, पण सुटे भाग कुठून आणायचे हा प्रश्न दिवाळीतही पडतोच.) मला थबकवले ते निराळ्याच माहितीने. याच कंपनीची पॅकबॉट नावाची यंत्रे २००२ साली अफगाणिस्तानातल्या गुहांत सैनिकांच्या पुढे गेली होती. पुढे जमिनीत, अंधारात काय दडले आहे ते माणसाआधी यंत्राने पाहावे, एवढ्यासाठी. आमच्या जिल्ह्यातल्या बाईला याचा अर्थ निराळा समजवावा लागत नाही. २०१९ च्या महाराष्ट्रदिनी कुरखेड्याजवळ जांभूळखेडा येथे भूसुरुंगाने १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. तसले यंत्र ज्यांच्या डोक्यातून निघाले, त्यांनीच खाटेखाली शिरणारे हे दुसरे यंत्र काढले, हे कळल्यावर मी त्याला ढब्बू म्हणणे बंद केले.

आणि झाडण्याचे यंत्र आमच्या मुलखाला नवे आहे असेही नाही. उन्हाळा तोंडावर आला की वणव्याला अटकाव म्हणून जंगलात जाळरेषा काढतात. पट्ट्यातला पालापाचोळा बाजूला करून जमीन उघडी करायची. पूर्वी हे मजुरांच्या झाडण्यांनी व्हायचे. आता खांद्यावर अडकवलेली फुंकर मारणारी यंत्रे आली आहेत, त्यांना फायर ब्लोअर म्हणतात. ह्यांच्या मते ते यंत्र म्हणजे वनरक्षकांवर झालेला उपकार आहे, आणि यंत्रांच्या बाबतीत ह्यांचे चांगले मत मी दुसऱ्या कशाबद्दल ऐकलेले नाही. उलट भामरागडच्या वाटेवरचे वनवैभव पाहा. १९५३ पासून राखून ठेवलेले ते सहा हेक्टर जंगल, २०१४ साली त्याला जैविक वारसा स्थळ म्हणून मान मिळाला. तिथे कोणी केर काढत नाही. पडलेले पान तिथेच कुजते आणि माती होते. म्हणजे केर हा जंगलात नसतोच. तो आपल्या घरात असतो, आणि म्हणून तो कोणीतरी काढावा लागतो.

तो कोणी काढायचा, हा खरा प्रश्न. आमच्या विदर्भाने गाडगेबाबा पाहिले. कोणी न बोलावता गावात शिरून आधी हातात खराटा घ्यायचे आणि रात्री कीर्तन करायचे. १९५६ साली ते गेले. त्यांचे नाव आपण अभियानांना दिले आणि खराटा अक्कांच्या हातात.

मी कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला होता. अक्कांना महिन्याला १,२०० रुपये. त्यातले निम्मे झाडण्याचे धरले तर ६००. यंत्र घेतले तर २८,००० रुपये ४६-४७ महिन्यांत सुटतात. तोवर त्याची बॅटरी म्हातारी झालेली असणार. पण चिरंजिवांनी हा हिशेब बरोबर आहे असे कळवले. सप्टेंबरात अक्का तेंदूपत्त्याच्या बोनसची चौकशी करून आल्या, तेव्हा मी त्यांना फोनवर यंत्राचे चित्र दाखवले. त्यांनी फोन लांब धरून पाहिले.

"हे अंगन झाडते का बाई?"

"नाही."

"पायरी उतरते?"

"नाही."

"मंग याचं पोट भरल्यावर रिकामं कोन करते?"

"आपणच करायचं."

त्या हसल्या. मग फोन परत देता देता, अगदी सहज, म्हणाल्या, "आनलं तं माहे सहाशे जातील का?"

कॅलेंडर त्यांनी पाहिले नव्हते आणि पाहिले असते तरी त्यांना वाचता येत नाही. मी "नाही" म्हटले. ते म्हटल्याबरोबर ४६ महिन्यांचा हिशेब पुसला गेला, कारण त्यातली शिल्लक होती ती एवढीच. मुलाने माझी पाठ मोजली, ते त्याने करायलाच हवे. पण अक्का माझ्याहून चारच वर्षांनी लहान आहेत आणि चार घरे झाडतात. त्यांचा मुलगा तेलंगणात मिरची तोडायला जातो. तो आईसाठी यंत्र पाठवणार नाही. यंत्र आले तर माझे वाकणे वर्षातले दोन महिने वाचेल. अक्कांचे वाचेल, पण त्याच्यासोबत सहाशे रुपयेही वाचावेत असे ज्याला त्याला वाटेल. आमच्या घरी नाही, तर दुसऱ्या तीन घरी.

तूर्त आम्ही यंत्र घेतलेले नाही. अक्कांचे सहाशेचे आठशे केले, आणि ह्यांनी चार फुटी बांबू तासून फड्याला पक्का बांधून दिला. बांबूला आमच्याकडे तोटा नाही. उभ्याने झाडायचे. अक्कांनी तो आठवडाभर वापरून निकाल दिला: पडवीला चांगला, खाटेखाली चांगला, कोपऱ्यात काही कामाचा नाही, कोपऱ्याला वाकावेच लागते. पण त्यांनी ह्यांना दुसरा एक करून मागितला आहे, पलीकडच्या घरी न्यायला, कारण तिथली ओसरी लांब आहे. दरवर्षीप्रमाणे लक्ष्मीपूजनाचा नवा फडाही त्याच बाजारातून आणणार आहेत, शिंदीच्या पात्या ओढून, पारखून. बांबू पूजेनंतर बांधायचा की आधी, यावर दोघांचे अजून एकमत झालेले नाही.

चिरंजीव मात्र हटलेले नाहीत. दिवाळीला येताना मोजायची टेप आणतो, उंबरठ्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी उतार बसवून देऊ, म्हणाला. ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि उतारासाठी लाकूड कोणते वापरणार, असे त्याला विचारले. त्याने प्लायवूड म्हणून सांगितले. त्यावर ह्यांनी फोन ठेवला.